आत्याबाई आणि हजचा फोन

आमच्या गल्लीत हल्ली कोणाचा फोन वाजला आणि पलीकडचा माणूस स्वतःला सरकार म्हणवू लागला, की बायका फोन तसाच चालू ठेवून बदीआ आत्याबाईंच्या अंगणात पळतात. आत्याबाई भट्टीपुढे बसलेल्या असतात, हात कोपरापर्यंत पिठात. त्या हनुवटीनं खूण करतात, बाई फोन त्यांच्या कानाला लावते आणि मग बाकीच्या आपापली परात खाली ठेवून ऐकायला बसतात. परवा एकाला त्यांनी सांगितलं, "साहेब, माझं विजेचं मीटर बंद करणार म्हणता? करा की. पण येताना मीटर घेऊनच या. अजून बसवलेलंच नाही." पोरींना हसू आवरेना.

पण हे आताचं. तेव्हा आत्याबाई अशा कोणाला काही सांगत नव्हत्या, आणि आमच्या घरात तर त्यांचं नावही निघत नव्हतं.

बदीआ आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची सख्खी बहीण. घर आमच्या अगदी समोर, मधे एक गाढव आणि एक माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली. नवरा साखर कारखान्यात होता, तो लवकर गेला. मूल झालं नाही. आमच्याकडे बाईला पहिलं पोर झालं की तिचं नाव संपतं. माझ्या सासूबाई नबविया, पण त्यांना उभं गाव 'शाजलीची आई' म्हणतं, शाजली म्हणजे माझा नवरा. मलाही माझा हसन झाल्यापासून घरच्या माणसांशिवाय रस्मिया म्हणून कोणी हाक मारलेली आठवत नाही. आत्याबाईंना मात्र सगळे नावानं हाक मारतात. बदीआ. त्यात कोणाच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला दर वेळी ऐकावं लागतंच.

अर्ध्या गल्लीची भाकरी त्याच भाजतात. आमची भाकरी उन्हात फुगते. पहाटे मळलेल्या पिठाचे गोळे मातीच्या थाळ्यांवर मांडून गच्चीवर ठेवायचे आणि ऊन चढलं की भट्टीत घालायचे. केव्हा काढायचं हे पिठाच्या अंगावर बोट ठेवून कळतं, आणि ते बोट आत्याबाईंचं. जीभ मात्र त्याहून तिखट. शुक्रवारी मशिदीच्या भोंग्यावरून प्रवचन लांबलं, तर दुसऱ्या दिवशी शेखसाहेबांना रस्त्यात गाठून म्हणाल्या, "तुमचं आवरेपर्यंत माझं पीठ फुगून परत बसलं हो. अल्लाला ऐकू कमी येतं का?" शेखसाहेब वाट बदलून जायला लागले.

त्यांच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, नवऱ्यानं केलेल्या. भाकरी भट्टीत सारताना त्या वाजायच्या. एके दिवशी हात रिकामे दिसले. कोणीतरी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "अल्लाच्या वाटेवर गेल्या." झालं. बदीआनं गुप्तदान केलं, अनाथांना दिलं, दवाखान्याला दिलं, जिला जसं सुचलं तसं तिनं सांगितलं. त्या आल्या की बायका उठून जागा द्यायला लागल्या. शेखसाहेबांनीही वाट बदलणं सोडलं. आत्याबाईंनी कोणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आम्हाला हे सगळं पलीकडच्या बाजूनं दिसायचं, कारण दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. सासरे गेले तेव्हा सुतकाला बायका जमल्या होत्या, बिनसाखरेची कॉफी फिरत होती, आणि आत्याबाई सगळ्यांसमोर बोलल्या, "डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. हिनं माझ्या भावाला खारवलेलं चीज चारून चारून मारलं." सासूबाईंचे डोळे तेव्हा सुजून बंद झाले होते. त्याच डोळ्यांनी त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "जिचं घर रिकामं, तिनं भरल्या घरात येऊन तोंड उघडू नये." कॉफीचे पेले हवेत राहिले. आत्याबाई उठल्या, बुरखा सारखा केला आणि गेल्या. त्या दिवसापासून आमची भाकरी मी दोन गल्ल्या पलीकडे नेऊन भाजून आणायला लागले, आणि ती काही फुगत नव्हती.

आता त्या फोनचं.

सासूबाईंना एकच ध्यास, हज. दर वर्षी सरकारी सोडतीत अर्ज करायचा, दर वर्षी पोलीस ठाण्याबाहेर लागलेल्या यादीत माझ्याकडून नाव शोधून घ्यायचं, आणि दर वर्षी "पुढच्या खेपेला" म्हणत परत यायचं. पैसे तयार होते. म्हैस विकली होती, आणि माझा नवरा कुवेतला बांधकामावर आहे, तो पाठवतो त्यातलं उरलेलं त्यांनी बिस्किटांच्या डब्यात घालून पिठाच्या कोठीत पुरलं होतं. त्या वर्षीही यादी लागली आणि नाव नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मीही ऐकलं.

"हाजीणबाई नबविया ना?" आवाज तरुण, गोड, शहरी. मग त्यानं त्यांचं नाव, त्यांच्या वडलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, सगळं ओळीनं म्हटलं. "मी हजच्या कार्यालयातून बोलतो. तुमचं नाव राखीव यादीत होतं. एक जागा रिकामी झाली आहे. मुबारक हो!"

सासूबाई मटकन खाली बसल्या. ते हाजीणबाई म्हणणं त्यांच्या थेट काळजात गेलं असणार.

पुढे तो म्हणाला की जागेसाठी पैसे आजच, दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानेआधी भरायला हवेत, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. बँकेत फार गर्दी आहे, तेव्हा बाजारातल्या मोबाईलच्या दुकानातून त्यानं दिलेल्या नंबरवर पाठवा. दुकानदारानं विचारलं तर मुलाला पाठवते म्हणा. "आणि हाजीणबाई, पैसे भरेपर्यंत कोणाला बोलू नका. वशिल्याचे लोक टपून बसलेत. शिवाय लोकांची नजर, तुम्हाला मी काय सांगायचं!"

हे शेवटचं त्यानं सांगायचीही गरज नव्हती, इतकं ते आम्हाला पटलं. आमच्याकडे गरोदर बाई सातवा महिना उलटेपर्यंत कबूल होत नाही आणि म्हैस व्याली तरी दूध झाकून आणतात. चांगली गोष्ट पदरात पडेपर्यंत बोलायची नाही, हे कोणी शिकवावं लागत नाही. मला थोडं खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंचा चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडून शब्द निघेना. त्यांनी डबा काढून दिला, मी तो पिशवीत घातला, वर भाजी ठेवली. दुकानात मीच जायचं होतं.

मी दारात चपला घालत होते आणि त्या मागून म्हणाल्या, "थांब गं."

"काय झालं?"

"माफी."

आमच्याकडे हजला निघालेला माणूस घरोघर जातो. उंबऱ्यावर उभा राहून म्हणतो, माझ्याकडून काही चुकलं असेल तर सोडून द्या. ज्याचं मन दुखावलंय त्यानं माफ केलं नाही तर तो हज कसला? आता एकीकडे साहेब म्हणतो बोलू नका आणि दुसरीकडे हे. सासूबाई अंगणात येरझाऱ्या घालायला लागल्या.

"बाकीच्यांची मागून मागता येईल," मी म्हटलं. "जायला अजून वेळ आहे."

"बाकीच्यांची येईल. पण पैसे एकदा भरले म्हणजे मी निघालेच की. आणि मनात ते ठेवून भरू?" त्या थांबल्या. "तिला एकटीला सांगते. ती तोंडाची फटकळ आहे, पण पोटातलं बाहेर काढणारी नाही."

'ती' कोण हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी गल्ली ओलांडली. पिशवी काखेत घेऊन मी मागे.

आत्याबाई गच्चीवरून फुगलेल्या थाळ्या उतरवत होत्या. आम्हाला बघून थबकल्या, मग थाळ्या खाली ठेवल्या, एकही न आपटता.

"बदीआ," सासूबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सुतकात मी तुला जे बोलले, ते मला माफ कर."

"का?"

"का म्हणजे?"

"इतकी वर्षं समोर राहतेस. आज काय ऊन जास्त लागलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मला हज लागलाय."

आत्याबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, "यादी तर कधीच लागली. कोणी सांगितलं?"

"फोन आला. कार्यालयातून."

"पैसे कधी मागितलेत?"

"आजच. असरच्या आधी."

"कोणाला सांगू नको म्हणाला?"

सासूबाईंनी माझ्या काखेतल्या पिशवीकडे पाहिलं.

"बाजारातल्या दुकानातून पाठव, मुलाला पाठवते म्हणून सांग?" आत्याबाई भट्टीजवळच्या ओट्यावर बसल्या. "नबविया, पैसे घरात ठेव. हा चोर आहे."

मला वाटलं होतं सासूबाई घाबरतील. पण त्यांचं डोकंच फिरलं. "मला ठाऊकच होतं! तुला माझं चांगलं बघवेलच कसं? त्याला माझ्या पणजोबांचं नाव माहीत आहे!"

"ठाण्याच्या भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याचे पणजोबा चिकटवलेत. कोणी फोटो काढून नेला की झालं. अगं, सरकार कधी तुझ्या मागे धावलंय? माझ्या नवऱ्याचं पेन्शन सुरू करायला मी चपला झिजवल्या, तो कारकून मान वर करून बघायचा नाही. आणि आज त्याच सरकारला असरच्या आत तुझं काम उरकायची घाई झाली? गोड बोलून?"

"तुला काय कळतं त्यातलं! तू तर सोनं दान करून बसलीस, तुझी जन्नतमधली जागा पक्की झाली. माझी होतेय तर तुला सलतंय. चल गं रस्मिया."

त्यांनी माझा दंड धरला. आम्ही दारापर्यंत आलो होतो.

"दान नाही केलं," आत्याबाई मागून म्हणाल्या.

सासूबाईंनी वळून पाहिलं.

"बांगड्या. दान नाही केल्या. अशाच एकानं नेल्या." आत्याबाई आमच्याकडे बघत नव्हत्या. आपल्या हातांकडे बघत होत्या. "पेन्शनच्या कार्यालयातून बोलतो म्हणाला. तुमचं कार्ड बंद पडतंय, दंड भरा, आजच. मी सोनाराकडे गेले, बांगड्या विकल्या, पैसे दुकानातून पाठवले. मुलाला पाठवते म्हणून सांगितलं. दुकानदार मला ओळखतो. त्याला माहीत आहे मला मुलगा नाही. तो काही बोलला नाही, मान खाली घालून नंबर दाबला त्यानं."

भट्टीत उसाचं पाचट तडतडलं.

"मग कोणाला सांगितलं का नाहीस?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणाला सांगू? बदीआला गंडवलं, म्हणून गल्लीनं टाळ्या पिटल्या असत्या. मी कोणाला सोडलंय का आजवर? त्यापेक्षा दानशूर बरी. आयतंच गळ्यात पडलं."

सासूबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पिशवी मी घट्ट धरून उभी होते. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तोच नंबर.

सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आत्याबाईंनी तो काढून घेतला, बटण दाबलं.

"हाजीणबाई, निघालात ना? मला तुमची काळजी लागली आहे. तुम्ही मला आईसारख्या."

आत्याबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. मग त्या इतक्या गोड बोलल्या की मी त्यांना ओळखलं नसतं. "निघाले रे बाळा. तुझे फार उपकार. तुझ्यासाठी काबासमोर दुआ मागणार आहे मी."

"अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, आई."

"दुआ मागायची तर आईचं नाव लागतं ना रे? अमकीचा मुलगा, म्हणून मागावी लागते. तुझ्या आईचं नाव काय?"

आमच्याकडचा पुरुष परक्या माणसाला आपल्या आईचं नाव सांगत नाही. मित्रालाही नाही. लहानपणी शाळेत पोरं एकमेकांच्या आईचं नाव शोधून काढतात आणि त्यावरून डोकी फुटतात.

"नाव सांग ना, बाळा. लाजतोस काय? मला आई म्हणतोस, तर खरीचंही सांग. तिला ठाऊक आहे का तू काय करतोस?"

त्यानं एक घाण शिवी हासडली आणि फोन कापला.

आत्याबाईंनी फोन सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. सासूबाई रडत होत्या. चोर चोर ठरला तसा त्यांचा हजही गेला होता, आणि त्या हजसाठी रडत होत्या, ते मला दिसत होतं. पैसे वाचल्याचा आनंद व्हायला अजून वेळ होता.

"माझ्या वेळचाही असाच," आत्याबाई म्हणाल्या. "हाच असेल, दुसरा असेल. मी काही दंडाला भ्यायले नव्हते गं. मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पण तो मला आई म्हणाला. आई, जेवलीस का? आई, उन्हात जाऊ नको, रिक्षा कर. अख्ख्या आयुष्यात मला कोणी म्हटलं नव्हतं. मी मुद्दाम हळूहळू बोलत होते, त्यानं आणखी एकदा म्हणावं म्हणून."

सासूबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

मग आत्याबाई उठल्या. "रस्मिया, ठाण्यात जाऊन ये. माझ्या शब्दावर विसंबू नकोस." मी गेले. कारकुनानं मान वर न करताच सांगितलं की कार्यालय कोणालाही फोन करून पैसे मागत नाही, भरायचे ते बँकेत आणि पावती घेऊन, आणि सकाळपासून विचारायला येणारी मी पहिली नव्हते. परत आले तेव्हा आत्याबाईंच्या अंगणात गल्लीतल्या बायका आपापलं पीठ घेऊन जमल्या होत्या. रोजचीच वेळ होती. सासूबाई अजून ओट्यावर बसलेल्या बघून सगळ्यांचे कान टवकारलेले.

मी ठाण्यातलं सांगितलं. आत्याबाईंनी लांब दांडीच्या फळीनं दोन भाकऱ्या उलटल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "ऐका गं. माझ्या बांगड्या दानात गेल्या नाहीत. मला फोनवर फसवलं. आज हिला फसवत होते. उद्या तुमची पाळी. आता हसायचं तर हसून घ्या."

कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यातून शिंपीणबाई हळूच म्हणाल्या की त्यांच्याकडूनही पैसे नेले होते, घराच्या कराचे म्हणून. आणि त्यांच्या शेजारची म्हणाली, माझ्याकडूनही, पण नवऱ्याला सांगू नका. एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून, इतक्या जणी तोंड शिवून बसल्या होत्या. मला संताप आला, चोरांचा आणि आमचाही.

"आणि माझंही ऐका," सासूबाई उभ्या राहिल्या. "सुतकात मी बदीआला जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ते मी परत घेते. माणसाच्या तोंडून असं निघू नये."

"आता हज नाही तुला," आत्याबाई म्हणाल्या. "माफी कशाला मागतेस?"

"हज नसला तरी मागते."

आत्याबाईंनी फळी भट्टीला टेकवून ठेवली. "दिली. सगळ्यांसमोर दिली." मग थोडं थांबून, फक्त आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि मी जे बोलले? मिठाचं? माझ्या भावाचं?"

मला वाटलं आता दोघी गळ्यात पडतील, बायका डोळे पुसतील. पण सासूबाई खरं बोलणाऱ्या आहेत.

"ते अजून होत नाही गं माझ्याच्यानं," त्या म्हणाल्या. "रात्री झोपताना अजून ऐकू येतं मला ते."

आत्याबाईंनी मान हलवली. भट्टीतून एक भाकरी काढली, फुंकर मारली आणि त्यांच्या हातात दिली.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या विचारते."